सैल बांधावी, तिरपे निजावे : झोळीतल्या निजेचा विचार

पौषात भालकी, औराद, आळंद या पट्ट्यातून जाताना तुरीच्या रानात एक दृश्य हमखास दिसते. बायका कापणीला वाकलेल्या असतात आणि बांधावरच्या बाभळीला किंवा कडुलिंबाला जुन्या इरकल लुगड्याची झोळी टांगलेली असते. झोळीतून एक इवले पाऊल बाहेर आलेले असते. एवढ्या उन्हात, एवढ्या गलक्यात ते लेकरू गाढ झोपलेले असते. त्याच झाडाखाली मोठ्या माणसाने नायलॉनचा नवा हॅमॉक बांधला, तर तासाभरात त्याची पाठ धरते, गुडघे ताणले जातात आणि तो शेवटी खाली उतरून वाकळीवर आडवा होतो. कापडाचे टांगलेले अंथरूण दोघांनाही मिळाले. मग एकाला झोप लागावी आणि दुसऱ्याला लागू नये, हे का?

पहिल्या वेळी मीही मांजरेकाठच्या आमच्या शेतात दोन कडुलिंबांमध्ये झोळी बांधली होती. शक्य तितकी ताणून, सतारीच्या तारेसारखी. मला वाटले होते की कापड जितके ताठ तितके अंथरूण सपाट. शेजारच्या रानातली एक आजी बराच वेळ बघत उभी होती. ती म्हणाली, "अरे लेकरा, इतकं कशाला ताणलालास? जरा सैल सोड की." तिच्या त्या वाक्यात या विषयाचे निम्मे शास्त्र होते. उरलेले निम्मे कापडात शरीर कोणत्या दिशेने ठेवायचे यात आहे. झोळीत सुख हवे असेल तर ती सैल बांधली पाहिजे आणि तिच्यात तिरपे निजले पाहिजे. हे खरे का ठरते आणि कोठे अपुरे पडते, ते पुढे तपासले आहे.

झोळी कशाला म्हणायचे

ज्या अंथरुणाला स्वतःची चौकट नसते, जे दोन किंवा एका बिंदूपासून लोंबते आणि ज्याचा आकार निजणाऱ्याच्या वजनाने ठरतो, ते येथे झोळी समजावे. या व्याख्येत बाज बसत नाही. सुंभाची असो वा नवारीची, बाजेला लाकडी चौकट असते. दोरीचा सगळा ताण ती चौकट आपल्या अंगावर घेते. झोळीत हाच ताण झाडांना किंवा माळवदाच्या कड्यांना सोसावा लागतो. म्हणून बाज ताणणे आणि झोळी ताणणे यांत मूलतः फरक आहे. बाज मध्ये खचली की आपण पायथ्याच्या दोऱ्या ओढतो आणि तिला पूर्वपदावर आणतो. तीच सवय हाताशी धरून आपण झोळीकडे जातो, आणि पहिली चूक तिथेच होते.

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात झोळीचे मुख्यतः तीन प्रकार पाहायला मिळतात. पहिला एकटांगी. लुगड्याची दोन्ही टोके एकाच फांदीला किंवा तुळईतल्या लोखंडी कडीला बांधायची, आणि कापड मिटू नये म्हणून वर आडवी काठी घालायची. दुसरा दोन दोऱ्यांचा. समांतर दोऱ्यांवर चादर अशी दुमडून घ्यायची की लेकराच्या वजनानेच ती घट्ट धरली जाईल. इथे गाठ लागत नाही. तिसरा दोन झाडांमधला. यात कापडाची दोन्ही टोके गोळा करून बांधतात. आज डोंगरवाटांवर फिरणारी मंडळी पाठपिशवीतून जो हॅमॉक नेतात, तो याच तिसऱ्या प्रकारचा. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडे तो होता. 1492 मध्ये कोलंबसच्या लोकांनी तो पाहिला, स्पॅनिशमध्ये त्याचा 'हमाका' झाला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या आरमाराने खलाशांसाठी तो स्वीकारला. आपल्या बायकांना मात्र लेकरू टांगून कामाला लागण्यासाठी कोणत्या आरमाराची वाट पाहावी लागली नव्हती. इकडे मराठीत झोळी आणि झोका, तर शेजारच्या कानडी घरात जोळिगे आणि जोकाली. कानडी जोळिगे भिक्षेची असते, निजेची नव्हे. पण चार टोके वर उचलून वजन मध्ये घेण्याची रीत दोन्हींत एकच आहे.

ताणाचे गणित

साठ किलोचा माणूस दोन झाडांमधल्या झोळीत निजला आहे असे धरू. बाजूच्या दोऱ्या जमिनीला समांतर रेषेशी जो कोन करतात, त्यावर सगळे अवलंबून असते. कोन 30 अंशांचा असेल तर प्रत्येक दोरीवर 60 किलोचा, म्हणजे माणसाच्या वजनाइतकाच ताण येतो. झोळी ताणून कोन 15 अंशांवर आणला की ताण 116 किलोवर जातो. 10 अंशांवर 173, आणि 5 अंशांवर 344 किलो. ताठ बांधलेल्या झोळीची दोरी तुटते, गाठ सरकते किंवा फांदी मोडते, याचे कारण हे आहे. माणूस जड असणे हे त्यामानाने दुय्यम. धपकन बसले तर क्षणभर ताण दुपटीपर्यंत जातो, हेही यात धरावे. शेवग्याला झोका बांधू नये असे आमच्याकडे मुलांना नागपंचमीच्या आधीच बजावतात, कारण त्याचे लाकूड ठिसूळ. चिंच आणि कडुलिंब विश्वासाचे. तरी 30 अंशांत बांधलेल्या झोळीतसुद्धा प्रत्येक बुंध्याला सुमारे 52 किलोची आडवी ओढ बसते, म्हणून हाताच्या मनगटाएवढ्या रोपट्यावर भरवसा ठेवू नये. दोरीखाली बारदानाची घडी ठेवावी, म्हणजे साल सोलवटत नाही.

निजेच्या दृष्टीने मात्र ताठ झोळीचा मोठा दोष वेगळाच आहे. कापडाच्या कडा ताणल्या गेल्या की त्या आत मिटतात. तुरीच्या शेंगेत दाणा अडकावा तसे खांदे दोन्ही बाजूंनी आवळले जातात. शिवाय मध्यरेषेवरचा पट्टा इतका कडक होतो की त्यावरून कुशीवर वळणे म्हणजे दोरीवरून चालणे. कापड सैल सोडले की कडा बाजूला पडतात आणि आतमध्ये रुंदी मिळते. झोळीतली रुंदी खोलीतून येते, हे पहिल्यांदा ऐकताना खोटे वाटते. एकदा निजून पाहिले की पटते.

तीस अंश मोजायला यंत्र लागत नाही. दोन हात आडवे अंतर गेल्यावर दोरी सव्वा हात चढली की कोन जमला. समजा दोन झाडांमध्ये नऊ हात अंतर आहे, म्हणजे सुमारे चार मीटर. अर्धे अंतर साडेचार हात, त्याला 0.58 ने गुणले की अडीच हातांहून थोडे जास्त येते. झोळीचा तळ जमिनीपासून एक हात वर हवा, म्हणजे खुर्चीवर बसावे तसे बसता येते आणि पडलोच तर हाड मोडत नाही. मिळून दोरी जमिनीपासून साडेतीन हातांच्या किंचित वर, साधारण 1.6 मीटरवर बांधायची. कापड आपल्या वजनाने गोलाई घेते, दोरीही थोडी ताणते. म्हणून एकदा बसून, उठून, पुन्हा गाठ सुधारावी लागतेच.

तिरपेपणा

सैल बांधलेल्या झोळीच्या मध्यरेषेवर सरळ निजले तर शरीराचा केळीच्या फळासारखा आकार होतो. डोके वर, टाचा वर, बूड सर्वांत खाली. बहुतेकांचा अनुभव इथे संपतो आणि हॅमॉक माळ्यावर जातो. उपाय म्हणून कापड पुन्हा ताणले जाते, आणि आपण मागच्या दोषाकडे परत येतो. या दोन अडचणींच्या मधून वाट निघते ती कर्णरेषेने.

याचे कारण नीट पाहण्यासारखे आहे. झोळी म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या अनेक अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, असे मनाशी धरावे. सरळ निजलो तर डोके, पाठ, कंबर, पोटऱ्या यांचा सगळा भार मधल्या त्याच त्या पट्ट्यांवर येतो. कंबर सर्वांत जड. ती पट्टी खाली खेचते, त्यामुळे तीच पट्टी दोन्ही टोकांकडे कडक होऊन वर चढते आणि डोक्याला नि टाचांना उचलून धरते. तिरपे निजलो की काम वाटले जाते. कंबरेखाली मधल्या पट्ट्या, डोक्याखाली एका बाजूच्या आणि पायांखाली दुसऱ्या बाजूच्या. डोक्याखालची पट्टी कंबरेने ताणलेली नसते, म्हणून ती डोक्याच्या भाराने खाली बसते, पायांचेही तसेच. तळ होता तिथेच राहतो, टोके खाली येतात आणि पाठीचा कणा जवळपास सपाट होतो. शिवाय विणलेले कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने कमी ताणले जाते, तिरप्या दिशेने जास्त. कर्णरेषेत निजणारा त्या लवचिकपणाचाही लाभ घेतो.

किती तिरपे? मध्यरेषेपासून 10 ते 15 अंश पुरतात. साडेपाच फुटांच्या माणसासाठी 15 अंशांचा हिशेब केला, तर डोके मध्यरेषेच्या एका बाजूला सुमारे 20 सेंटिमीटर आणि पाय दुसऱ्या बाजूला तेवढेच सरकवावे लागतात. म्हणजे इकडे एक वीत, तिकडे एक वीत. याहून जास्त तिरपे गेलो की टाच कापडाच्या कडेवरून घसरते. डोके डावीकडे की उजवीकडे, याला नियम नाही. मला पाय डावीकडे ठेवल्याशिवाय झोप येत नाही, माझ्या भावाला नेमके उलटे. दोन्ही करून पाहावे आणि जे अंगाला मानवेल ते धरावे.

यातून कापडाच्या मापाचा प्रश्न निघतो, आणि तो विकत घेतानाच सोडवावा लागतो. कर्ण वापरायचा तर रुंदी हवी. मोठ्या माणसाला 10 ते 11 फूट लांब आणि किमान 5 फूट रुंद कापड लागते. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटर लांब. दुहेरी घडी घालून, गाठींना सोडून साडेतीन मीटर उरते, म्हणजे लांबी उत्तम. पण पन्हा सव्वा मीटरच्या आतच. म्हणून लेकराला पुरणारी लुगड्याची झोळी मोठ्या माणसाला आवळते. दोन लुगडी कडेला कडा लावून, दुहेरी शिवणीने जोडली की सीमाभागातल्या उन्हाळ्यासाठी नायलॉनहून चांगले अंथरूण तयार होते, कारण सुती कापड घाम शोषते. ते वजनदार होते आणि पावसात लवकर वाळत नाही, हा त्याचा तोटा.

पायथा, गुडघा, मान

तिरपे निजूनही काही जण रात्री हळूहळू पायांकडे घसरतात. धड जड आणि पाय हलके, त्यामुळे धड झोळीच्या सर्वांत खोल बिंदूकडे जाऊ पाहते. पायांकडची दोरी डोक्याकडच्या दोरीपेक्षा एक वीतभर उंच बांधली की तो खोल बिंदूच डोक्याच्या बाजूला सरकतो आणि धड जिथे आहे तिथेच स्थिरावते. बाजेवर उशाकडची बाजू उंच करण्याची आपली सवय इथे उलटी करावी लागते, हे लक्षात असू द्यावे.

पुढची तक्रार पोटऱ्यांची. पायांखाली कापडाची एक कडक घडी उभी राहते आणि ती पोटरीला रुतते. आखूड झोळीत हे हमखास होते. दुसरे, टाच उचलली गेल्याने गुडघा उलट्या दिशेला ताणला जातो आणि सकाळी जिना उतरताना तो बोलतो. दोन्हींवर गुडघ्याखाली गुंडाळलेले धोतर किंवा टॉवेल पुरतो. उशी मात्र पातळ हवी, आणि ती डोक्याखाली नको, मानेच्या पोकळीत हवी; डोक्याला झोळीने आधीच थोडा उतार दिलेला असतो.

कुशीवर निजणाऱ्यांनी तिरपेपणा कायम ठेवून गुडघे किंचित मुडपावेत. खालचा खांदा पुढे ओढून घेतला की तो आवळला जात नाही. पालथे निजणाऱ्यांना झोळी देऊ नये, ती त्यांची नव्हे. कमरेचा कणा उलटा वाकेल. कडक अंथरुणाचा सल्ला मिळालेल्या माणसानेही वैद्याला विचारल्याशिवाय सबंध रात्र झोळीत काढू नये.

खालचा वारा

झोळी जमिनीपासून वर असते, यातच तिचा गुण आणि दोष दोन्ही आहेत. गुण आधी. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि त्यांत विंचू दडतात. मण्यार तर रात्री फिरणारा साप, आणि त्याचा दंश पुष्कळदा जमिनीवर निजलेल्या माणसालाच होतो. दंश इतका बारीक की झोपेत तो कळतही नाही. राखणदार रानात मचाणावर किंवा बाजेवर निजतात ते यासाठीही. कलबुर्गीच्या वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या राहतात. तेव्हा पाठीखालून वारा खेळवणारे झोळीइतके अंथरूण दुसरे नाही. मच्छरदाणी मात्र वरून दोरी बांधून चारी बाजूंनी खाली मिटेल अशी घ्यावी, कारण डास पातळ कापडातून खालूनही चावतात.

हाच वारा पौषात वैरी होतो. बीदर सुमारे सातशे मीटर उंचीच्या जांभ्याच्या पठारावर आहे. तिथल्या हिवाळी पहाटे पाठ गारठते आणि अंगावर दोन वाकळी असूनही जाग येते. वाकळ ऊब देते ती तिच्या थरांत कोंडलेल्या हवेमुळे. आत अंथरलेली वाकळ आपल्या वजनाने दबते, हवा निघून जाते आणि पाठीखाली उरते ते नुसते कापड. म्हणून ती आत अंथरण्यापेक्षा झोळीच्या खालून, दबणार नाही अशी, दोन्ही टोकांना बांधून टांगावी. तिच्यात आणि झोळीत फट राहू नये, नाहीतर वारा मधून जातो. वाकळ टांगता येत नसेल तर कुरुब किंवा धनगरांच्या हातची लोकरीची घोंगडी चौघडी करून पाठीखाली घ्यावी. लोकर दबूनही काही हवा धरून ठेवते.

झोका

टांगलेले अंथरूण हलते, आणि हलण्याने झोप येते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. 2011 मध्ये जिनिव्हातल्या संशोधकांनी ते मोजून पाहिले. बारा निरोगी पुरुषांना दुपारी 45 मिनिटे निजवले, एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा चार सेकंदांत एक हेलकावा घेणाऱ्या पलंगावर. हलत्या पलंगावर त्यांना लवकर झोप लागली आणि मेंदूच्या नोंदींत गाढपणाकडे नेणाऱ्या टप्प्याची खूणही वाढलेली दिसली. 2019 मध्ये अठरा जणांवर पूर्ण रात्रीचा प्रयोग झाला आणि त्याचाही कल तोच निघाला.

हेलकाव्याचा वेग दोरीच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. चार सेकंदांचा आपसूक हेलकावा हवा तर दोरी चार मीटर लांब लागेल. बाभळीच्या फांदीची झोळी दीड मीटर खाली लोंबते, म्हणून तिचा हेलकावा अडीच सेकंदांचा. उंच फांदी निवडणारी बाई लेकराला नकळत अधिक संथ झोका देत असते. झोळीला लांब दोरी बांधून, तिचे टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून भाकऱ्या थापणारी आई मी कितीदा पाहिली आहे. पायाच्या एकेका ओढीने ती झोका मरू देत नाही. मोठ्या माणसाने हे स्वतःसाठी करायचे तर एक बारीक दोरी बाजूच्या झुडपाला बांधून हाताशी ठेवावी आणि झोप लागेपर्यंत अधूनमधून ओढावी. झोका आडवा असावा, डोके-पाय या दिशेचा नको, पोट ढवळते.

लेकरांबद्दल

आरंभी ज्या लेकराचे उदाहरण घेतले, त्याच्या बाबतीत हे सगळे विवेचन जसेच्या तसे लागू करू नये. त्याला झोप लागते ती अंग लहान आणि कणा लवचिक म्हणून. त्याला तिरपेपणा शिकवावा लागत नाही. पण तान्ह्याचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. खोल झोळीत हनुवटी छातीवर टेकली तर श्वासाची वाट अरुंद होते, आणि त्याला स्वतःहून मान उचलता येत नाही. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने तान्ह्या बाळांची 10 अंशांपेक्षा जास्त उताराची निजण्याची साधने बंद केली, ती याच भीतीने. आपल्या बाया दिवसभर रानात असतात आणि झोळीला पर्याय नाही, हे मला कळते. म्हणून किमान एवढे तरी व्हावे असे वाटते. काठी रुंद घालावी, झोळी उथळ ठेवावी. तोंड कापडात बुडू देऊ नये. झोळीच्या दोऱ्या पिळून गिरकी घालण्याचा खेळ मोठ्या मुलांना तिथे खेळू देऊ नये, कारण पीळ कापडात अडकलेल्या गळ्याभोवती आवळतो. आणि कापणीच्या ओळीतली बाई वळून बघेल तेव्हा झोळी तिच्या नजरेच्या टप्प्यात, सावलीत, वाऱ्याकडे पाठ करून असावी. ऊन सरकले की सावली सरकते. दुपारी झोळी दुसऱ्या फांदीवर न्यावी लागते.